बुधवारची रॅली

पुणे, ३ नोव्हेंबर २०२५

ती. मामा,

मामीला नमस्कार सांगा. तुमच्याशी आधी काम आहे, नमस्कार शेवटी.

आजोबांची फियाट पन्नाशी ओलांडून पुढे गेली. म्हणजे सरकारच्या लेखी ती आता जुनाट राहिली नाही, व्हिंटेज झाली. मी दिवसभर लोकांच्या गाड्यांचे विमे उतरवते आणि आपल्या घरच्या गाडीचा विमा मात्र साधा, कुठल्याही खटाऱ्याचा असतो तसा. तुमच्या बोईसरच्या रस्त्यावर कंटेनर कसे धावतात ते मी पाहिलंय. उद्या एखाद्याने तिला चेपलं किंवा कुणी ती पळवली, तर कंपनी भंगाराचा भाव देऊन मोकळी होईल. त्यापेक्षा संग्राह्य गाडीचा विमा काढू. त्यात गाडीची किंमत आधीच ठरवतात आणि वेळ आली तर तेवढी पूर्ण मिळते. त्यासाठी व्हिंटेज म्हणून नवी नोंदणी करावी लागेल. गाडी आजोबांनी तुमच्या आणि आईच्या नावावर ठेवली होती, आईचा वाटा माझ्याकडे आला, तेव्हा दोघांच्याही सह्या लागतील.

अट एकच. अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. झाकून ठेवायची, पुसायची, बघायची. तुम्ही आता निवृत्त आहात, कारखान्याची पाळी नाही, तेव्हा अडचण नसावी.

फोनवर तुम्ही "हो हो" म्हणता आणि पुढच्या फोनला "मी कुठं हो म्हणालो?" म्हणता. म्हणून जे सांगायचं ते लेखी द्या.

तुमची,
दर्शू

---

बोईसर, ९ नोव्हेंबर

चि. दर्शू,

आशीर्वाद आहेतच, ते काय संपतात थोडेच.

लेखी मागितलंस ना, घे लेखी. झाकायची, पुसायची, बघायची! अगं, ही गाडी आहे की देव्हाऱ्यातला बाळकृष्ण? तुझ्या आजोबांनी ही गाडी घेतली तेव्हा साताऱ्याहून आमचं अख्खं बिऱ्हाड तिच्यात घालून आणलं होतं, वर टपावर पाटा-वरवंटा. तिला कुणी विचारलं नाही, बाई तू संग्राह्य आहेस का म्हणून.

पण तुझं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. कंटेनरवाले माजलेत हे खरं. म्हणून सही करीन म्हणतो. फक्त एक शंका आहे. नियमित वापर नको म्हणतेस, तर नियमित म्हणजे काय? गाडी सोमवारी पालघरला गेली, बुधवारी दातिवऱ्याला गेली, शुक्रवारी मुरब्याला मासळीला गेली, तर प्रत्येक वेळी ठिकाण वेगळं. रोज त्याच वेळी त्याच जागी जाणं, म्हणजे आम्ही कारखान्यात जायचो तसं, त्याला मी नियमित म्हणेन. हे तर आपलं सहज जाणं झालं. तुमच्या कंपनीत याचा कुणी विचार केलाय की नाही?

तुझी मामी मजेत आहे. अलीकडे फारच मजेत आहे.

मामा

---

पुणे, १५ नोव्हेंबर

ती. मामा,

तुमची शंका मी साहेबांना वाचून दाखवली. ते पाणी पीत होते. त्यांना ठसका लागला.

नीट ऐका. व्हिंटेज गाडी रस्त्यावर आणायला चारच कारणं चालतात: जुन्या गाड्यांची रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती. बस्स. पालघरची भाजी, मुरब्याची मासळी आणि मामीचं दातिवऱ्याचं माहेर यांपैकी एकही गोष्ट त्यात बसत नाही. "सहज जाणं" असा रकाना आमच्याकडे नाही.

मामा, मी हे कंपनीसाठी करत नाही. आजोबांची एवढीच एक वस्तू राहिलीय. ती एखाद्या ट्रकखाली गेली तर तुम्ही आणि मी काय करणार आहोत?

आणि तुमचं अक्षर एवढं टपोरं का झालंय? पानावर सात ओळी मावतात. पाकीट फाटायला आलं होतं.

दर्शू

---

बोईसर, २४ नोव्हेंबर

चि. दर्शू,

मोठं मन, मोठं अक्षर. त्यात काय विचारायचं?

तुझं पत्र आल्यापासून मी दुसऱ्या कशाला हात लावलेला नाही. तुला कळवायला आनंद वाटतो की 'बोईसर-पालघर जुनी वाहने प्रेमी मंडळ' स्थापन झालं आहे. अध्यक्ष मी. सभासद दोन: आमच्या कारखान्यातला आत्माराम, त्याची लूना, आणि बाजूच्या गल्लीतला निमेश, त्याची स्कूटर. दर बुधवारी मंडळाची रॅली निघते. बॉनेटला झेंडूची माळ आणि मागे कापडी फलक. सगळं नियमात.

गेल्या बुधवारच्या रॅलीचा वृत्तांत देतो. मार्ग बोईसर, मुरबे, पालघर, दातिवरे. आत्मारामची लूना कुंभवलीच्या आधीच बसली आणि निमेशला दुकान उघडायचं होतं, त्यामुळे पुढची रॅली एकाच गाडीची झाली. पण रॅली ती रॅली. सहभागी नागरिकांत बायडी होती. ही मनोरच्या बाजूची, आमच्याकडे रानभाजी आणि मोगरा घेऊन येते. तिच्या टोपल्या आणि एक कोंबडाही होता.

मुरब्याला प्रदर्शन भरवलं. म्हणजे गाडी मासळीवाल्यांसमोर उभी केली. प्रतिसाद उत्तम. एक बाई म्हणाली, "बाबा, ही ईकायला काढली काय?" मी म्हटलं, "नाय, बघायला काढली हाय." तर म्हणते, "मंग जरा बाजूला घ्या, म्हावरा दिसत नाय." प्रदर्शन संपताना थोडे बोंबील घेतले. ते प्रदर्शनाचाच भाग समजावेत.

पेट्रोल पालघरच्या पंपावर भरलं. थोडंच भरतो. टाकी फुल्ल केली तर पुन्हा पंपावर जायची परवानगी कशी मिळणार? आणि दातिवऱ्याला अक्कांच्या अंगणात, म्हणजे तुझ्या मामीच्या बहिणीकडे, बॉनेट उघडून गाडी जेवणापर्यंत थंड केली. ही दुरुस्ती. चारही कारणं एका दिवसात बसवली. साहेबांना सांग, पाणी आधी पिऊन घ्या.

मामा

---

पुणे, १ डिसेंबर

ती. मामा,

हसले. कबूल करते, ऑफिसात सगळ्यांसमोर खूप हसले. मग डोकं धरून बसले.

अहो, दर आठवड्याला कोंबडा घेऊन निघते ती रॅली नव्हे! एखादा अपघात झाला आणि क्लेम आला, तर पहिलाच प्रश्न येईल की गाडी मुरब्याला कशाला गेली होती. तुमचा झेंडू तिथे उपयोगी पडणार नाही. विमा रद्द होईल आणि वर माझी नोकरी जाईल.

आता जास्त लिहीत नाही. शुक्रवारी १२ तारखेला आमचा सर्व्हेअर धीरज गाडी बघायला येतोय. तो किंमत ठरवेल, फोटो काढेल आणि अहवाल देईल. त्या दिवशी गाडी घरी असू द्या. धुऊन ठेवा. माळ काढा, फलक काढा. कोंबडा दिसता कामा नये.

दर्शू

---

बोईसर, १३ डिसेंबर

चि. दर्शू,

धीरज येऊन गेला. मुलगा गुणी आहे, फक्त फोटो फार काढतो.

तो आला तेव्हा गाडी पेट्रोल भरायला गेली होती. म्हणून मी त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला, पोहे दिले. त्याला म्हटलं, चिकू खा, घोलवडचे आहेत. तेवढ्यात गाडी फाटकातून आत आली. आली आणि काय झालं कोण जाणे, आली तशीच मागे गेली. जुन्या गाड्यांचं असं होतं कधीकधी, लहरी असतात. मग पुन्हा पोहे. थोड्या वेळाने बघतो तर गाडी आंब्याखाली गुपचूप उभी. तुझी मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "अगोबाई, पाहुणे कधी आले?"

धीरजने विचारलं, "काका, चालवत कोण होतं?" मी म्हटलं, "लिंबू पिळू का पोह्यांवर?" बाकी तपासणी समाधानकारक झाली. त्याने डिकी उघडली आणि बराच वेळ काही बोलला नाही. भारावला असावा.

सह्यांचे कागद लगेच पाठव.

मामा

---

पुणे, २० डिसेंबर

ती. मामा,

धीरज भारावला नव्हता, त्याने श्वास रोखला होता. त्याचा अहवाल माझ्यासमोर आहे. डिकीत सुक्या बोंबलांचा दर्प, मागच्या सीटवर कोंबडीची पिसं, पुढच्या काचेशी ताजा मोगरा. शेवटी त्याने लिहिलंय: "वाहन संग्राह्य आहे असे म्हणण्यापेक्षा वाहन कामावर आहे असे म्हणावे लागेल."

आणि फोटो. फोटोत गाडी फाटकात आहे, टपावर टोपल्या आहेत. तुम्ही बनियनवर, हातात कप घेऊन ओट्यावर बसला आहात. काचेवर ऊन पडलंय म्हणून चालवणारा दिसत नाही. पण गाडी चालवत तुम्ही नव्हता एवढं तर आंधळ्यालाही दिसेल.

तुम्ही ड्रायव्हर ठेवलाय. गाडी भाड्याने लावलीय. मासळी, भाजी, कोंबड्या, जो येईल तो बसतो. आजोबांच्या गाडीची तुम्ही टमटम केलीत, मामा! आणि मला रॅलीच्या गोष्टी लिहून पाठवता. मी त्या घरी सगळ्यांना वाचून दाखवल्या, माझ्या मामांसारखा माणूस नाही म्हणून. मला फार वाईट वाटलं.

आता तुमच्यावर सोडत नाही. १० जानेवारीला गाडी उचलून न्यायला ट्रक येईल. इथे पुण्यात एकांकडे जुन्या गाड्या ठेवायची बंद शेड आहे, तिथे ती राहील. अर्धी गाडी माझी आहे. किल्ली तयार ठेवा.

प्रियदर्शिनी

---

बोईसर, २६ डिसेंबर

दर्शू,

हे पत्र मी तुझ्या मामांना न विचारता लिहितेय. ते आत्मारामकडे गेलेत, मंडळाची तातडीची सभा आहे. तुझं पत्र आल्यापासून तोंडावर फडकं टाकून झोपतात आणि मग तातडीच्या सभा घेतात.

ड्रायव्हर ठेवलेला नाही. गाडी मी चालवते.

आता बसली असशील तर पुढचं वाच. तुझ्या मामांना काचबिंदू आहे. समोरचं थोडं दिसतं, बाजूचं काही नाही. डॉक्टरांनी सांगितलं, गाडी सोडा. हे कुठले ऐकतात? मागच्या वर्षी आम्ही पालघरहून येत होतो. एका नव्या देवळासाठी दगडी नंदी आणून रस्त्याच्या कडेला ठेवला होता. यांनी त्याच्यापुढे गाडी थांबवली आणि हॉर्न द्यायला लागले. "काय निर्ढावलेलं जनावर आहे, हलत नाही!" मी म्हटलं, अहो, तो नंदी आहे. म्हणतात, "बैल असो नाहीतर नंदी, रस्ता काय त्याच्या बापाचा?" मागे बायडी बसली होती. ती म्हणाली, "बाबा, त्यो दगडाचा हाय." यांनी हॉर्नवरचा हात काढला. गाडी कशीबशी घरी आणली, किल्ली फ्रिजवर ठेवली, आणि तिला पुन्हा हात लावला नाही. जेवायला बसायचे आणि नुसता भात चिवडायचे. त्यांची ती मोठी अक्षरं, तुला वाटलं नाटक. त्यांना बारीक दिसत नाही, बाई. तुझी १२ तारीख त्यांनी १९ वाचली, म्हणून तर धीरज आला तेव्हा मी अक्काच्या गोळ्या पोचवून येत होते. फाटकात परका माणूस दिसला, घाबरले, आणि गाडी मागे घेऊन पळाले. मग हळूच आणून आंब्याखाली लावली आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरले.

तर किल्ली फ्रिजवर पडून होती. मी एक दिवस उठले आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. चौसष्ट वर्षं वय. शिकवणारा पोरगा "आजी, क्लच! आजी, क्लच!" करत रडकुंडीला आला. पण लायसन्स मिळालं. शिकले नव्या गाडीवर, आणि आपल्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. पहिल्या दिवशी मी खाली चाचपडत होते, हाताला यांची छत्री लागली. तीच ओढत बसले.

भाडं आम्ही कुणाकडून घेत नाही. वाटेत माणूस दिसलं की घेते एवढंच. बायडी ओझं घेऊन उन्हात उभी असते, तिला सोडून पुढे जाऊ? आणि दर्शू, लग्न झाल्यापासून मी त्या गाडीत डाव्या बाजूला बसले. माहेरी जायचं तर यांची सुट्टी बघायची, यांची पाळी बघायची, यांचा चेहरा बघायचा. अक्का दातिवऱ्याला एकटी असते. आता मनात आलं की जाते. मनात आलं की जाते! हे लिहितानासुद्धा मला रडू येतंय बघ, आणि मी काही रडणारी बाई नाही.

तू म्हणशील, मामी, मग एखादी छोटी नवी गाडी घ्या. घेऊन दिलीस तर त्यात ते बसणार नाहीत. या गाडीत बसतात, कारण ही त्यांना आवाजावरून कळते. डोळे मिटून बसतात आणि "नर्मदे, दुसरा टाक" म्हणतात, आणि दरवेळी बरोबर असतात. अर्धी गाडी अजून तेच चालवतात असं समज. तुझ्याशी ते खोटं बोलले ते माझ्या हातातली किल्ली जाऊ नये म्हणून. आणि थोडं, डोळ्यांचं कुणाला कळू नये म्हणूनही. पुरुषाची जात, काय करणार.

गाडी शेडमध्ये ठेवलीस तर तिची किंमत राहील, हे मला कळतं. पण आम्ही दोघं घरात राहू. ट्रक पाठवायचा की नाही ते तू ठरव. अर्धी तुझी आहे.

तुझी मामी,
नर्मदा

---

पुणे, १ जानेवारी २०२६

मामी,

ट्रक येणार नाही. तुझं पत्र जिन्यात उभ्याने वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. शेजारच्या काकूंनी विचारलं, कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही, माझी मामी गाडी चालवते. त्यांना वाटलं मला चक्कर आलीय.

व्हिंटेजचे कागद फाडले. साधाच विमा चालू ठेवतेय, त्याचा कागद सही करून सोबत पाठवला आहे. काही झालं तर हातात भंगाराचा भाव येईल, हे माहीत असून करतेय. त्या विम्यात एक ओळ असते: वैध परवाना असलेली कोणतीही व्यक्ती. इतकी वर्षं मी ती लोकांना वाचून दाखवते. ती ओळ माझ्या मामीची आहे हे मला आत्ता कळलं. आता माळ नको, फलक नको. हवी तिथे जा. फक्त बोंबील पिशवीत घट्ट बांध.

धीरजला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, त्या काकूंना मी पाहिलं होतं. फाटकातून गाडी त्यांनी जशी मागे घेतली ना, तशी मलाही जमणार नाही. अहवालात लिहिलं नाही, कारण पोहे फार चांगले होते."

आता माझं ऐक. मला गाडी चालवता येत नाही. मोटार विम्यात नोकरी करते आणि ऑफिसला रिक्षाने जाते. पार्किंग मिळत नाही असं सांगते, सगळ्यांना खरं वाटतं. आई आयुष्यभर मागच्या सीटवर बसली, मग मीही बसले, आणि भीती कधी बसली ते कळलंच नाही. चाळीस वर्षांची झाले मी. तू चौसष्टाव्या वर्षी शिकलीस.

मला शिकवशील? ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाईनच, लायसन्सही रीतसर काढीन. पण आधी मला एकदा तुझ्या शेजारी बसून बघायचंय. बाईमाणसाने चालवलेल्या आपल्या घरच्या गाडीत मी कधी बसलेच नाही.

मामांवरचा राग गेला. त्यांना सांग, पण लगेच नको, दोन दिवस जाऊ दे.

दर्शू

---

बोईसर, ६ जानेवारी

चि. दर्शू,

दोन दिवस गेले.

तू डोळ्यांचं वाचलंस, तेव्हा आता लपवत नाही. मी सगळ्यांनाच सांगून टाकलं. आत्मारामला सांगितलं तर म्हणतो, "आम्हाला कधीचं माहीत आहे, खंडेराव. वर्षभर तुम्ही मला निमेश म्हणून हाक मारताय." कुणी मला बोललं नाही. नालायक आहेत सगळे. आणि तुला रॅलीच्या थापा मारल्या त्याबद्दल कान धरतो. वृत्तांत मात्र चांगले होते हे तूही मान्य करशील.

तू ये. १४ तारखेला बुधवार आहे आणि संक्रांतही. दातिवऱ्याला अक्कांकडे जायचं आहे, तीळगूळ तिथेच. शिकणाऱ्याने चालवणाऱ्याशेजारी बसायचं असतं, तेव्हा पुढची जागा तुझी. मी मागे बसेन. या गाडीत मी आजवर मागे बसलेलो नाही, म्हणून आधी तुझ्या मामीची परवानगी काढली. ती म्हणाली, "बसा. पण बोलायचं नाही. ती घाबरेल."

मी म्हटलं, दातिवऱ्यापर्यंत गप्प? मग मी करायचं काय?

ती म्हणाली, "मी इतकी वर्षं काय करत होते? बाहेर बघायचं."

एवढं बोलली आणि थांबली. कणीक मळत होती, हात तसाच परातीत राहिला. मग जरा वेळाने म्हणाली, "बरं, बोला."

मामा